मारव्यातला श्वास

रविवार, १९ जानेवारी २०२५

निवेदितानं चोरी केली. आणि माझ्याच घरात बसून मला ऐकवली.

सकाळी साडेदहाला आली. संक्रांत होऊन पाच दिवस झाले, तरी एळ्ळु-बेल्लाची पुडी घेऊन. तीळ, गूळ, सुकं खोबरं – तिच्या आईनं कापलेले तुकडे, सगळे एकसारखे. मग लॅपटॉप उघडला. ‘अक्का, आधी तुम्ही ऐका. तुम्ही ऐकल्याशिवाय मी कुणाला ऐकवणार नाही.’ पुढच्या महिन्यात, तेवीस तारखेला, नव्या रचनांचा महोत्सव आहे. त्यात तिची पहिली स्वतंत्र रचना – ‘काठ’. पंचवीस मिनिटं. गळा, सारंगी आणि संगणक.

पहिली तीन मिनिटं चांगली होती. हे लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच म्हणेन की सुरुवातीपासून वाईट होती. तळ्याच्या पाण्याचा आवाज तिनं इतका बारीक करून घेतला होता की तंबोऱ्याच्या जवारीचा गुंजारव वाटावा. मी मान डोलावली.

चौथ्या मिनिटाला राग मारवा आला. कोमल रिषभावर थांबली. मग श्वास – ऐकू येईल असा, स्वराच्या जागी ठेवलेला. मग एकदम धैवत.

माझी ‘संधिकाल’ ही रचना एवढ्यावरच उभी आहे. रिषभ, श्वास, धैवत. गेली सहा वर्षं मी त्यावर काम करते आहे. ही मुलगी त्या कामात माझ्या शेजारी बसलेली आहे.

‘बंद कर,’ म्हटलं. तिला वाटलं आवाज मोठा झालाय. तिनं कमी केला.

‘बंद कर म्हणजे बंद कर.’

‘आवडलं नाही का, अक्का?’

डोळ्यांत काही नाही. लाज नाही, भीती नाही. डोकं दुखतंय सांगून तिला वाटेला लावलं. पुडी तशीच पडली आहे.

सोमवार, २० जानेवारी

रियाझ नाही. तंबोरा जुळवला आणि परत ठेवला.

मंगळवार, २१ जानेवारी

नीट विचार करायचा तर क्रमानं लिहायला हवं.

निवेदिता माझ्याकडे २००९ साली आली, बारा वर्षांची. तिचे वडील सयाजीराव, चिकपेटेत कापडाचं दुकान. म्हणाले, ‘अक्का, ही घरात गप्प बसत नाही. बडबड करण्यापेक्षा गाऊ दे.’ पहिल्या वर्षी फक्त सा. तक्रार केली नाही. मला अशी मुलं आवडतात.

माझं स्वतःचं शिक्षण दोन टोकांचं. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स, मग टेलिफोनच्या कारखान्यात एकतीस वर्षं; संध्याकाळी गाणं. गाणाऱ्यांना मी मेकॅनिक वाटायची आणि कारखान्यात भजनी बाई. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत यंत्रं मांडली आणि दोन्ही एकत्र करायला लागले. तंबोऱ्याचा एक झंकार ताणून दहा मिनिटांचा करायचा, त्याच्या आत काय काय वाजतं ते बाहेर काढायचं, आणि त्यावर राग उभा करायचा. लोक हसले. काही अजून हसतात. ह्या दोन्ही गोष्टी माझ्याकडून शिकलेली एकच व्यक्ती आहे. मागच्या खोलीची किल्ली मी तिला दिली. मेलबर्नला असलेल्या माझ्या मुलाला, हर्षला, ती खोली कुलपात असते हेसुद्धा माहीत नसेल.

आता त्या श्वासाबद्दल. गाताना श्वास ऐकू येणं हा दोष. माझे गुरुजी श्वास ऐकू आला की तंबोरा खाली ठेवायचे, त्या दिवशीचा पाठ संपला. मीही चाळीस वर्षं मुलांना त्यावरून बोलले. आणि २०१९ मध्ये, संगणकात साठवलेले वर्गातले जुने तुकडे चाळताना, हा अठरा सेकंदांचा तुकडा सापडला. मारवा. मध्ये श्वास. दोष म्हणून पुसणार होते, आणि पुसवेना. परत ऐकला. त्या श्वासानं मारव्यातली सगळी अस्वस्थता एका जागी आणून ठेवली होती. त्रेसष्टाव्या वर्षी मला गुरुजींचा नियम मोडायचं धाडस झालं. मी तो श्वास चाळीस पट ताणला. त्याचा वारा झाला. तिथून ‘संधिकाल’ सुरू.

तुकड्यातला आवाज निवेदिताचा आहे. असेना. वर्गात शिष्य जे गातो ते गुरूनं दिलेलं असतं. तिच्या तोंडून गात होते ती मीच. आमच्यात हे कुणी कुणाला सांगत नाही, सांगायची गरजच नसते.

कॉफी पिताना ह्यांना सांगितलं.

हे म्हणाले, ‘चोरलेली वस्तू कुणी मालकाला दाखवायला आणतं का?’

‘आजकाल त्याला आदरांजली म्हणतात.’

‘मग घे की आदरांजली.’

‘जिवंतपणी?’

हसले. मला हसू आलं नाही.

शनिवार, २५ जानेवारी

बोलावून घेतलं. पंख्याखालच्या खुर्चीवर न बसता ती सवयीनं चटईवर बसली. मी तिची रचना चौथ्या मिनिटाला लावली, मग माझी.

‘हे कुठून घेतलंस?’

‘अक्का, तुम्हाला आठवत नाही?’

‘मला सगळं आठवतं. म्हणूनच विचारते.’

‘वर्गातलं आहे ते.’

‘म्हणजे कबूल आहे.’

‘तसं नाही. तुम्ही “संधिकाल”मध्ये घेतलंत, तेव्हा मला इतका आनंद झाला होता की—’

‘तुझा आवाज घेतला म्हणून रचना तुझी होत नाही.’

पंधरा वर्षांत ही मुलगी मला एकदाही उलट बोललेली नाही. आजही नाही.

‘तुम्हाला तसं वाटत असेल तर सरी, अक्का.’ तिचं नेहमीचं कानडी ‘सरी’ – बरं, ठीक.

‘तेवढा भाग काढून टाकशील?’

‘तो काढला तर मग बाकीचं कशाला?’

‘अगदी बरोबर. मलाही तुला तेच सांगायचं होतं.’

नेहमीसारखी वाकून नमस्कार करून गेली. मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

ती गेल्यावर लक्षात आलं, माफी मागितलीच नाही तिनं. एकदा ‘चुकले’ म्हणाली असती तर मी तिथेच सोडून दिलं असतं. बहुतेक.

सोमवार, २७ जानेवारी

महोत्सवाच्या समितीला पत्र लिहिलं. हातानं, दोन पानं, विशेषणं टाळून.

हे म्हणाले, ‘महिनाभर थांब. राग उतरू दे.’

‘महिनाभरानं कार्यक्रम होऊन गेलेला असेल.’

‘तिचा पहिलाच आहे गं.’

‘तो माझ्या सामानावर उभा आहे.’

पेपर उघडून बसले. आमच्या घरात हा नापसंतीचा ठराव असतो.

लिहिताना हात स्थिर होता. एक गोष्ट मात्र पत्रात घालता येत नव्हती, म्हणून इथे. बाहेरच्या कुणी उचललं असतं तर मी वकिलाला फोन केला असता आणि जेवायला बसले असते. हिच्या तापात मी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या आहेत, आई-वडील गावाला गेले होते तेव्हा. म्हणून जेवण जात नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

समितीची बैठक झाली. बसवनगुडीत, सचिव भीमाचार्यांच्या घरी. स्वतः बासरी वाजवतात, बाकीचे दोघेही गाणारे. सभ्य माणसं. भीमाचार्य माझ्याशी कन्नडमध्येच बोलतात, मधेच मराठी शब्द टाकतात, मला बरं वाटावं म्हणून.

‘अम्मा, एवढा मोठा विषय करायचा का? स्वल्प समजावून सांगू तिला.’

‘मी समजावलं. आता तुम्ही निर्णय द्या.’

तुकडा ऐकवला. फाईलवरची तारीख दाखवली – ३ जुलै २०१७. तेव्हा निवेदिता वीस वर्षांची, कॉलेजात. तिच्या नावावर तेव्हा एकही रचना नव्हती. मग ‘काठ’मधली जागा ऐकवली. हुबेहूब.

एका सभासदानं विचारलं, ‘पण हा आवाज तर हिचाच आहे ना?’

मला उत्तर द्यावं लागलं नाही. भीमाचार्यच म्हणाले, ‘वर्गातलं आहे. म्हणजे गुरूचंच असणार.’ तिघांनीही माना डोलावल्या. विचारणाऱ्यानंसुद्धा.

निवेदिता कोपऱ्यात बसली होती. तिला विचारलं, तुला काही सांगायचं आहे? ‘नाही,’ म्हणाली. त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, जसं वर्गात चूक झाली की मी कधी थांबवते ह्याची वाट बघायची तसं.

‘काठ’ कार्यक्रमातून काढलं. ती पंचवीस मिनिटं मला दिली – ‘संधिकाल’चा पहिला भाग. मी मागितली नव्हती. नकोही म्हटलं नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

माझ्या बाजूनं निकाल लागला. तरी दिवसभर चिडचिड. इडलीचं पीठ फुगलं नाही, त्यावरून ह्यांना बोलले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सयाजीराव आले होते. दुकान भर दुपारी सोडून. मी निवेदिताला वापरायला दिलेला तंबोरा परत आणला. नव्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळलेला, गाठी व्यापाऱ्याच्या, पक्क्या. वर मागच्या खोलीची किल्ली, पाकिटात.

‘मारतहळ्ळीला तिच्या फ्लॅटवर गेलो होतो,’ म्हणाले. ‘हे नेऊन द्या म्हणाली.’

‘स्वतः का नाही आली?’

‘मी विचारलं. ऑफिस आहे म्हणाली. रविवार होता, अक्का.’

कॉफी दिली. बशीत ओतून प्यायले. हे मुद्दाम बाजारभावाबद्दल बोलत राहिले. सयाजीरावांनी ‘हो शेषगिरीराव, नाही शेषगिरीराव’ केलं. उठताना मला म्हणाले, ‘मला त्यातलं स्वल्पही कळत नाही. कुणाचा श्वास, कुणाचा स्वर. मी मीटरनं कापड मोजणारा माणूस. चुकली असेल तर कान धरा, तुमचा हक्क आहे. पण ती गात नाहीये. भांडी घासताना पण नाही. एवढंच सांगायला आलो.’

‘गाण्यावर मी बंदी घातलेली नाही.’

‘नाही, नाही. तुम्ही कशाला घालाल.’

हे बोलणं टोमणा होतं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तंबोरा सोडून बघितला. तारा उतरवून ठेवल्या होत्या, तारांखाली कापसाची घडी, जशी मी शिकवली तशी. विश्वासघात करणाऱ्या माणसानं तारा तरी ताणलेल्या ठेवायला हव्या होत्या.

सोमवार, १० फेब्रुवारी

भीमाचार्यांचा फोन. वाद झालाय, बाहेर कुजबुज आहे, तेव्हा कागद पक्के हवेत. माझ्याकडे आहे तो अठरा सेकंदांचा तुकडा. त्या दिवसाचं अखंड ध्वनिमुद्रण असेल तर द्या, फाईलला लावतो.

रास्त आहे. मीही हेच मागितलं असतं.

संगणक धुंडाळला. माझ्याकडे नुसते तुकडे – चारशे बारा. पूर्ण वर्ग एकही नाही. त्या काळात वर्गाचं ध्वनिमुद्रण संतोषकुमार करायचा. सोमवारी यंत्र घेऊन यायचा, घरी नेऊन तुकडे करायचा आणि मला द्यायचा. मूळचं त्याच्याकडे असेल. फोन लागत नाही. बुधवारी जाऊन येते.

निवेदिताच्या वयाला मीसुद्धा गुरुजींना घाबरायची. पण त्यांचं काही उचलायचं मनातसुद्धा आलं नाही. हेच मला समजत नाही. एवढं कधी बदललं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

हेब्बाळ. जायला दीड तास, यायला दोन. संतोषकुमारनं फ्लॅटच्या एका खोलीत भिंतींना गाद्या लावून स्टुडिओ केला आहे. खाली उड्डाणपूल घोंघावतो, आत मुंगीसुद्धा ऐकू येत नाही. हुशार मुलगा – मुलगा कसला, आता केस पिकले त्याचे.

‘अक्का, एवढ्या लांब कशाला आलात? मी पाठवलं असतं.’

‘तू “पाठवतो” म्हणतोस आणि मग दिवाळी येते.’

हसला. जुन्या डिस्का बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आहेत, वर्षाप्रमाणे. २०१७ चे दोन डबे. कशाला हवं विचारलं. सांगितलं. त्याला बातमी माहीत होती, पण कुठला तुकडा ते माहीत नव्हतं.

‘मारवा,’ म्हणाला. ‘जुलै.’ डब्यावर बोटं वाजवत बसला. मग, ‘शोधून ठेवतो. दोन दिवस द्या.’

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

संतोषकुमार स्वतः आला. पायरीवरच उभा राहिला, आत ये म्हटलं तर नको म्हणाला. कॉफीला नाही म्हणणारा हा माणूस नाही. डिस्क हातात दिली.

‘मी ऐकलं. अक्का, तुम्ही एकट्या ऐका.’

‘का? काय आहे त्यात?’

‘बोलणं आहे. तुम्ही सांगितलं होतं ना तेव्हा, बोलणं सगळं काप, स्वर तेवढे ठेव. म्हणून तुमच्या तुकड्यांत बोलणं कुठेच नाही.’

‘बरोबरच आहे. बोलण्याचं काय करायचंय?’

‘कापताना मलाही काही वाटलं नव्हतं,’ म्हणाला आणि गेला.

आज ऐकलं नाही. गुडघा दुखतोय असं कारण लिहिणार होते. इथे तरी खोटं लिहू नये. उद्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ऐकलं. बेचाळिसावं मिनिट.

निवेदिताचा आवाज: ‘अक्का, हे मी काल घरी केलंय. मध्ये श्वास मुद्दाम ठेवलाय. ऐकता?’ मग गायली. रिषभ, श्वास, धैवत.

मग माझा आवाज: ‘श्वास ऐकू येतो म्हणजे दम नाही. असले उद्योग करण्यापेक्षा सा लाव.’

‘सरी, अक्का.’ आणि तिनं सा लावला.

भीमाचार्यांना फोन करून सगळं सांगितलं. डिस्क आजच पाठवते म्हटलं. ‘काठ’ परत घ्या, ‘संधिकाल’ काढा. कारण विचारलं कुणी तर खरं सांगा, माझ्या नावानिशी.

निवेदिताला तीन वेळा फोन केला. उचलत नाही. मारतहळ्ळीला निघाले आहे. हे सोबत येतो म्हणाले. नको म्हटलं. तिनं दार उघडलं नाही तर ते मी एकटीनं बघायला हवं.